अर्ध्या जिन्यात

९ मार्च १९८७
अल्सर म्हणायचं ठरलं. डॉक्टरांनी खरं फक्त मला आणि लेकीला, लोरेदानाला सांगितलं – कॅन्सर, फार तर जून-जुलैपर्यंत. तुल्लियो बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसलेला. "बाबांना कळलं तर हाय खातील," लेक म्हणाली. आमच्या काप्रारोला गावात असंच करतात. सासऱ्यांनाही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. पण नवऱ्यापासून एवढं मोठं काही मी कधी लपवलेलं नाही!

१४ मार्च
आज सांगणारच होते. तोंड उघडलं – आणि सूप अजून हवंय का विचारलं. भित्री!

२२ मार्च
तुल्लियोला गावातला राजवाडा बघायचाय! सगळा जन्म त्याच्या सावलीत गेला, आत कधी पाऊल टाकलं नाही. "तो बांधणारा कार्डिनल, एवढा मोठा धर्मगुरू, म्हणे घोड्यावर बसून जिना चढायचा. बघू तरी!" लोरेदानाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ने त्यांना. पण आई, एक शब्द काढू नकोस."

२९ मार्च, रविवार
गेलो. आधी न्हावी, मग लग्नाकार्यातला कोट – सगळं साग्रसंगीत. जिना गोल गोल वर जातो, कडेला जोडीजोडीने खांब, भिंतभर चित्रं. पायऱ्या बुटक्या, खरंच घोड्याच्या सोयीच्या. तुल्लियोने माझ्या खांद्यावर हात टाकला. "कार्डिनलला घोडा, मला तू!"

"गप चढ, नाहीतर पाडीन."

अर्ध्यावर दम लागला. खांबाला टेकला, चेहरा पांढराफटक. आसपास कोणी नव्हतं. म्हणाला, "इर्मा, डॉक्टर नक्की काय म्हणाले गं?"

याहून चांगली वेळ देवानेही दिली नसती. मी म्हटलं, "अल्सर. पथ्य पाळ म्हणाले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "चल तर मग. वरचा घुमट राहिलाय."

घुमटात काय रंगवलंय, मला आठवत नाही. मला ओरडून रडायचं होतं.

१७ मे
तुल्लियो गेला.

२ जून
निरोप घेतलाच नाही आम्ही. त्याला एकट्याला पाठवलं मी. त्याला ते अल्सरचं खरं वाटलं होतं का? आता कोणाला विचारू?

३ नोव्हेंबर
खोकल्यातून रक्त पडतं म्हणून लोरेदाना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, तिला आत ठेवून घेतलं. बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल, तोंडभर हसू. "काही नाही गं आई, नुसता थकवा आहे."

"वाटलंच मला," मी म्हटलं. आणि हसले.