तेलाचा हात

कुसुमताई,

काल फोनवर तू विचारलं, "काहून वं, खापरखेड्याले येत नाही आजकाल? केसांले तेल तरी लावते का?" मी म्हटलं, लावते. खोटं बोलली मी, ताई. केस राह्यलेच नाहीत.

चार महिने झाले, मले कॅन्सर आहे. तुह्या मिनलचं लग्न ठरून राह्यलं. मावशीले असं आहे हे पोराकडच्यांले समजून सोयरीक मोडली तर? म्हणून तुह्यापासून लपवलं.

दवाखान्यात केमोसोबत श्वासाचे व्यायाम, मालिश बी असते. पहिले मले हसूच आलं. मंग एका बुधवारी तिथल्या मालिशवाल्या बाईनं माह्या बोडक्या डोक्याले कोमट तेल लावलं, हळूहळू, लहानपणी रविवारी तू लावायची तसं. आजार निघाल्यापासून हातमोज्याबिगर मले कोणी हातच लावला नव्हता. ढसाढसा रडली मी. त्या दिवशी पोटभर जेवली, झोपली बी.

ती म्हणते, "डोळे मिटा, जवळचं माणूस आठवा." दर बुधवारी तूच येते.

मिनलची वरात गेली की हे पत्र तुले देईन. तेल घेऊन येजो, डोकं पाहून घाबरू नको. तोवर तू फोनवर विचारत राह्यशील, केस किती वाढले. मी सांगीन, कमरेपर्यंत आले, आता तुह्याबिगर विंचरणं होत नाही.

तुहीच,
सुभद्रा