बिबवेवाडीचा विनंती थांबा बंद केल्याबाबत व विनंतीही थांबविल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
स्मार्ट व शाश्वत वाहतूक कक्ष, पुणे.

विषय : बिबवेवाडी चढावरील 'विनंती थांबा' पूर्ववत करणेबाबत (अर्ज दुसरा).
संदर्भ : पहिल्या अर्जास आलेले आपले उत्तर.

महोदय,

खुर्ची जरा जवळ ओढावी, एक आख्यान सांगायचे आहे. अर्जदार कीर्तनवेडा आहे. एरवी पूर्वरंगाशिवाय त्याला चैन पडत नाही, पण आज राग फार आहे म्हणून थेट उत्तररंग.

१. हिराबाई ही अर्जदाराची शेजारीण. एक पाय पोलिओने अधू. मार्केट यार्डात कांदा निवडते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी 'विनंती थांबा' ही पाटी होती. हात दाखवला की बस थांबे. आपल्या नव्या विजेच्या बसला हात दिसत नाही. ती थेट खाली मोठ्या सोसायटीपुढच्या काचेच्या थांब्यावर थांबते. तिथल्या पडद्यावर बसची वेळ येते. सोसायटीतले लोक मोटारीतून जाता जाता ती वाचतात.

२. परदेशातल्या एका श्रीमंत शहरात थांबे एवढेच दूर असतात आणि लोक आनंदाने चालतात, असे आपण समक्ष सांगितलेत. चालत असतील. तिथे फुटपाथ असेल. आपण अंतर तेवढे आणलेत, फुटपाथ तिथेच राहिला. उतारावर टेम्पोचा आरसा लागून हिराबाई पडली. आता तिच्याने खालपर्यंत चालवत नाही.

३. म्हणून पहिला अर्ज केला. विषय लिहिला, 'विनंती थांबा, बिबवेवाडी'. उत्तर आले : "आपल्या इच्छेनुसार आपली विनंती थांबविण्यात आली असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." अर्जदाराने चष्मा पुसून पुन्हा वाचले. अहो, ते बसथांब्याचे नाव आहे! वाहतूक कक्षात हे कुणालाच ठाऊक नसावे? हिराबाईला वाचून दाखवले तर ती हसली. म्हणाली, "खरंच आहे की दादा. थांबवलीच की त्यांनी." अर्जदाराला हसू आले नाही.

४. पाटी गेली, खांब आहे. हिराबाई रोज तिथेच उभी राहून हात दाखवते. ड्रायव्हर ओळखीचा, तोही हात हलवतो आणि पुढे जातो, कारण मध्ये थांबला तर यंत्र त्याची चूक नोंदवते. मग रिक्षा मिळेपर्यंत उशीर. आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी बाई घेऊ, असे मुकादमाने बजावले आहे.

तरी पाटी परत लावावी. ही विनंती आहे. कृपया थांबवू नये.

कीर्तनाच्या शेवटी बुवा देवाचे स्मरण करायला सांगतात. अर्जदाराचे मागणे त्याहून लहान आहे. आज डब्यात कांद्याची फोड निघाली, की खांबाशी हात वर करून उभ्या असलेल्या हिराबाईची आठवण ठेवावी.

आपला नम्र (अजूनपर्यंत),
यज्ञेश्वर तात्याराव कोंढरे
बिबवेवाडी, पुणे. दि. १४ जून २०१९

सोबत : आपल्याच उत्तराची झेरॉक्स.