कोऱ्या रजिस्टरातला श्री

अप्पा, गेल्या रविवारी शेठचा सत्कार झाला. तोच शेठ, ज्याच्या किराणा दुकानाच्या माडीवर मी अकरा वर्षं कॉम्प्युटरवर नोकरी केली आणि ज्याला तुम्ही शेवटपर्यंत 'ते पुण्याहून आलेलं लेकरू' म्हणत होतात. आता त्याचे केस गेलेत आणि आवाज वाढलाय. गळ्यात हार घालून त्यानं समोरच्या इंजिनियर पोरांना सांगितलं की परळीत एसटीडी बूथपुढे रांगा लागत होत्या त्या काळात त्यानं, म्हणजे एकट्यानं, सॉफ्टवेअरची सेटअप डिस्क आपोआप तपासून आपोआप बांधणारी व्यवस्था उभी केली. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत, हातात पेढ्याचा पुडा घेऊन. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर लोकांनी मला दहा वर्षं शिकवलं होतं की सभेत मध्येच बोलू नये, आणि ते शिक्षण नेमकं नको त्या दिवशी कामाला आलं. घरी आले, पेढा मांजरीला घातला आणि वही काढली. ही गोष्ट नीट माहीत असलेली माणसं तीनच. शेठ, तो सोयीनं विसरलाय. मी. आणि तुम्ही, तुम्हाला जाऊनही वीस वर्षं उलटली.

सेटअप म्हणजे काय ते मी तुम्हाला तुमच्या ट्रकवरूनच सांगितलं होतं. आपण माडीवर बसून शाळांसाठी प्रोग्रॅम लिहायचा, मुलांचं रजिस्टर ठेवणारा, शाळा सोडल्याचा दाखला छापणारा. पण तो प्रोग्रॅम म्हणजे एक फाइल नव्हे. मराठी अक्षरांची एक फाइल, छपाईची एक, दाखल्याच्या नमुन्याची एक, अशा तीसचाळीस. त्या सगळ्या दाबून, बांधून चार फ्लॉप्यांवर घालायच्या आणि ज्या गावात आपल्यातलं कुणी जाणार नाही तिथे पाठवायच्या. तिथला कारकून पहिली फ्लॉपी घालणार आणि उरलेलं आपोआप लागणार. एक फाइल राहिली की खेळ खलास. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे धर्मापुरीचा मांडव." बरोबर तेच. धर्मापुरीच्या लग्नाला तुमचा बिछायतीचा, भाड्यानं द्यायच्या मांडवसामानाचा ट्रक बांबू, कनाती, सतरंज्या, गॅसबत्त्या सगळं घेऊन गेला आणि मेखांचं पोतं परळीतच राहिलं. दोर बांधायला जमिनीत मेख नाही. दुपारी वारा सुटला आणि मांडव वरातीच्या डोक्यावरून उडाला. तेव्हापासून तुमचा नियम झाला. ट्रकची किल्ली तुमच्या बंडीच्या खिशात. यादी तुमच्या हातात, उर्दूत लिहिलेली, कारण तुमची शाळा निजामाच्या वेळची. तुम्ही एकेक जिन्नस पुकारायचात, हमाल वरून 'हाय' म्हणायचा, आणि शेवटचा 'हाय' येईपर्यंत ड्रायव्हर बिडी ओढत बसायचा. मुलखाची घाई असली तरी बसायचा. सुटीत औरंगाबादच्या कॉन्व्हेंटातली मैत्रीण घरी आली होती तेव्हा त्या उर्दू यादीची मला लाज वाटली होती. तिनं विचारलं, तुझे वडील मुसलमान आहेत का. मी तुमच्या गळ्यातल्या लिंगाकडे बोट दाखवलं आणि तिला घाईनं घरात नेलं.

आता त्या दिवाळीचं. शेठ व्यापाऱ्याच्या घरातला, लक्ष्मीपूजनाला कोऱ्या वहीवर 'श्री' काढून तिची पूजा करायची त्यांची पिढ्यांची रीत. त्या वर्षी त्याला वाटलं, आपला धंदा आता कॉम्प्युटरचा, तर वहीही कॉम्प्युटरातलीच हवी. त्यानं शाळेच्या प्रोग्रॅमचं एक कोरं रजिस्टर तयार केलं, विद्यार्थ्याचं नाव या रकान्यात 'श्री' टाइप केलं आणि माझ्या मशीनच्या पडद्याला हळदकुंकू लावलं. कीबोर्डात अक्षता गेल्या. इंग्रजी आर अक्षराखालची एक अक्षत मी भाऊबीजेनंतरही टाचणीनं काढत होते. पाडव्यानंतर सुधारित सेटअप आष्टीच्या एका शाळेत जायचा होता. मी बटण दाबलं, चार फ्लॉप्या भरल्या, एसटीच्या पार्सलानं रवाना केल्या. शेठचं ते पुजलेलं रजिस्टर त्याच फोल्डरात पडलेलं, तेही बरोबर गेलं. सेटअपचा कायदा असा, की तिथे त्याच नावाची जुनी फाइल सापडली तर दोन्हींच्या तारखा बघायच्या आणि ताजी ठेवायची. शाळेला दिवाळीची सुटी, कारकुनानं शेवटची नोंद सुटीपूर्वी केलेली. आमचा श्री लक्ष्मीपूजनाचा. ताजा कोण ते उघड आहे.

शाळा उघडल्यावर तिथल्या मोठ्या कारकुनाचा, भाऊसाहेबांचा फोन आला. जूनपासून रोज शाळा सुटल्यावर बसून त्यांनी हजारभर मुलं एका बोटानं भरली होती. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, आमची समदी पोरं गेली, अन् त्यांच्या जागी एकटा श्री आलाय. जात न्हाई, जल्मतारीख न्हाई. ह्याला कोन्त्या वर्गात बसवू?" ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या, आईबाप दाखल्यासाठी ऑफिसच्या दारात बसलेले. शेठनं माझ्या हातातून फोन घेतला आणि माझ्यासमोर सांगितलं, मॅडमकडून चुकलं, आम्ही त्यांना काढतोय. इतकं सहज, की जणू सुतळीचा तोडा काढतोय. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं अर्धं इंग्रजीत होतं आणि त्याला कळलं नाही, उरलेलं अर्धं खालच्या गिऱ्हाइकांनी ऐकलं.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात तुमच्यासमोर सगळं ओकले. तुम्ही भाकरी कुस्करत होतात. मला वाटलं, आता तुम्ही शेठला शिव्या द्याल. तुम्ही विचारलंत, "गाडी कुनी भरली?" मी म्हणाले, मी भरली, पण ते रजिस्टर त्यानं ठेवलं होतं. "मी काय इचारलं? गाडी कुनी भरली? मंग मेखा कुनी इसरल्या ते कावून सांगतीस मला?" वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, नवरा गेल्यावर माहेरी परत येऊन स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या बाईला असं बोललात. मी ताटावरून उठले. परसात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं तुम्ही तिथे आलात आणि एवढंच विचारलंत, "माय, तुला ती फाइल दिसली न्हवती ना?" मी म्हणाले, नाही. "मंग झालं," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेठच्या दुकानात गेलात. मला हे खालच्या हमालानं सांगितलं, तुम्ही कधीच सांगितलं नाही. साखरेच्या पोत्याशेजारी उभे राहून तुम्ही म्हणालात, "भरली तिनं, तवा निस्तरंल ती. पर ती म्हनती फाइल दिसली न्हाई, तर न्हाई दिसली. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई." बाजारात तुमच्या शब्दाला जे वजन होतं ते शेठच्या सगळ्या काट्यांना मिळून नव्हतं. मला काढायची गोष्ट तिथेच मिटली.

आणि मग तुम्ही माझ्याबरोबर आष्टीला आलात. जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक, दोन एसट्या बदलून, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन. मी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "यादी पुकारायला मानूस लागतंय." शाळेचं कागदी रजिस्टर कपाटात शाबूत होतं. ते तुम्ही वाचायचं, मी टाइप करायचं. मराठी अक्षर तुम्ही बोट ठेवून, थोडं अडखळत वाचायचात. पहिल्या दिवशी मी दोनदा उच्चार सुधारला, तिसऱ्यांदा तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि मी तुम्ही वाचलं तसं टाइप केलं. त्या ऑफिसात आपण दोघं बसलोय, तुम्ही खुर्चीत मांडी घालून, भाऊसाहेब चहा आणून ठेवतायत, आणि तुम्ही पुकारताय, नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख एक जून. पुढचं नाव, एक जून. पुढचं, एक जून. अर्ध्या तासानं तुम्ही रजिस्टर मिटलंत. "भाऊसाहेब, तुमच्या हिकडं बाया काय समद्या एकाच दिवशी बाळंत व्हत्यात का?" भाऊसाहेब हसता हसता खोकायला लागले. म्हणाले, जन्माची नोंद नसली की मास्तर एक जूनच टाकतो, काका, शाळा जूनला उघडती म्हनून. तुम्ही म्हणालात, "मग माझी बी एक जूनच असंल. आमच्या मास्तरानं काय टाकली त्याला ठाऊक." नऊ दिवस आपण हे केलं. नवव्या दिवशी दारात बसलेल्या शेवटच्या बाईला दाखला मिळाला, छापलेला. तिनं तो उलटा धरून नीट पाहिला आणि घडी करून पोलक्यात ठेवला.

परत आल्यावर मी ती व्यवस्था केली. मी, शेठनं नव्हे. सेटअप बांधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक खिडकी होती, शेठनं कधी उघडलीच नव्हती. तिथे लिहून ठेवता येई: बांधणी सुरू करण्याआधी हे हुकूम चालव, फाइली दाबून झाल्यावर हे, फ्लॉपी भरून झाल्यावर हे. मी लिहिलं. आधी: फोल्डर पूर्ण रिकामं कर, कुलपातल्या मूळ प्रतीतून सगळं नव्यानं आण, आवृत्तीचा आकडा एकानं वाढव, मराठी अक्षरांची फाइल आहे का बघ, कुठलंही रजिस्टर आढळलं तर बोंब मार. नंतर: फ्लॉपीवरून सगळं परत वाच आणि मूळ प्रतीशी ताडून बघ. शेठ म्हणाला, एवढं कशाला, डोळ्यांनी बघायचं ना. मी म्हणाले, डोळे तुमचेही होते. मग मी मुद्दाम मूळ प्रतीतच एक रजिस्टर ठेवून बटण दाबलं. काळी चौकट उघडली, तिच्यात बोंब उमटली, चौकट मिटली, आणि सेटअप रजिस्टरासकट आरामात बांधून तयार. शेठ मिशीत हसला.

दोन दिवस मी डोकं धरून बसले. तपासणी बरोबर होती, बोंबही बरोबर होती, फक्त ती ऐकायला कुणी थांबत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कनातीला ठिगळ लावत होतात, मान वर न करता म्हणालात, "डायवरानं गाडी सुरू केल्यावर हमाल वरडला तर काय उपेग? किल्ली कुनाकडं हाय ते बघ." मी चप्पल घालून तशीच माडीवर गेले. त्याच खिडकीत खाली एक चौकोन होता, हुकूम पूर्ण होईपर्यंत थांब. आणि त्याच्या शेजारी दुसरा, हुकूम नापास झाला तर बांधणी बंद कर. दोन्ही कोरे होते. मी दोन्हींत खूण केली. पुन्हा रजिस्टर ठेवून बटण दाबलं. लाल ओळ आली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. शेठनं तीनदा दाबून पाहिलं, तीनदा थांबलं. मी तुम्हाला माडीवर आणून दाखवलं. त्या दोन खुणांवर तुम्ही एकेक करून बोट ठेवलंत. मग खाली गेलात आणि पानवाल्याला सांगितलंत की वर माझी पोरगी काम करते. त्याला ते सात वर्षांपासून ठाऊक होतं.

त्यानंतर त्या माडीवरून धर्मापुरीला, चकलांब्याला, गेवराईला, जिल्ह्याबाहेरही डिस्का गेल्या. पुढे सीडी आल्या, माणसं आली, शेठची गाडी आली. अर्धवट सेटअप मात्र मी असेपर्यंत एकही बाहेर पडला नाही. परवा माझा भाचा म्हणाला, आत्या, आता हे सगळीकडे असतंच, त्यात काय. त्यात काय ते त्याला मी सांगितलं, चहा थंड होईपर्यंत. मला ह्याचा अभिमान आहे, अप्पा, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. शेठच्या सत्कारात माझं नाव नव्हतं ह्याचा राग आहे. तुमचं नव्हतं ह्याचा जास्त आहे. पुढच्या महिन्यात भाच्याच्या कॉलेजात मला बोलायला बोलावलंय, तिथे मी खुणा कुणी केल्या आणि किल्लीचं कुणी सांगितलं ते दोन्ही सांगणार आहे, शेठ पहिल्या रांगेत बसला तरी.

पण तिथे सांगणार नाही ते इथे लिहिते. ती फाइल मला दिसली होती. बटण दाबण्याआधी यादी पडद्यावर येत असे आणि मी ती नेहमी वाचत असे. तिच्यात रजिस्टर होतं, लक्ष्मीपूजनाच्या तारखेचं. माझ्या हातात अजून ती अक्षत काढायची टाचणी होती आणि मी चिडलेली होते. मनात म्हटलं, ज्याचा देव त्यानं उचलावा, आणि दाबलं. आष्टीतल्या मुलांचं काय होईल एवढा पुढचा विचार केला नाही, पण दिसली नव्हती असं नाही. परसात तुम्ही विचारलंत तेव्हा एक शब्द बोलायचा होता. नऊ दिवस समोरासमोर बसलो होतो, तेव्हाही बोलता आला असता. तुम्ही एकेक नाव पुकारत होतात आणि मी 'हाय' म्हणत होते. तुम्ही आज असता, तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं.