होडी घाट चढून गेली

रविवार, ८ मार्च
दुपार, कारखान्यातून

प्रिय टिल्ल्या,

आशीर्वाद घे. केस कापले नसतील तर आधी कापून ये आणि मग पुढचं वाच.

मी ठीक आहे. बाबाही ठीक आहेत. जेवतात व्यवस्थित, कधी कधी दोनदा. मागच्या भिंतीला ओल आली होती, ती सोडली तर कारखानाही ठीक आहे. तुमच्या खाणीवर अजून तसाच धुरळा आहे का? फोनवर तुझा खोकला ऐकू येतो आणि तू म्हणतोस, लाइन खराब आहे.

तुझं पत्र मिळालं. मी एवढंच विचारलं होतं, की ऑटोमॅटिक गाडीमागे जड होडी बांधून घाट चढायचा तर गिअरबॉक्स कसा जपायचा. तू तर त्याचं अख्खं बाळंतपण लिहून पाठवलंस! पण सांगितलंस तसं सगळं केलं. निघण्याआधी गिअरऑइल बदललं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून रेडिएटरच्या पुढे वेगळा ऑइल-कूलर बसवून घेतला आणि डॅशबोर्डवर तापमानाचा काटा. होडी ट्रेलरवर वीतभर पुढे सरकवून बांधली, म्हणजे शेपूट जड होऊन गाडी डोलायला नको. मेकॅनिकने विचारलं, "ताई, हे सगळं सांगितलं कुणी?" मी म्हटलं, "आमच्या घरी एक शहाणा होता."

होडी कुठली, ते मी लिहिलं नव्हतं. तीच, मोठी. तू गेलास तेव्हा नुसता सांगाडा उभा होता ती. बाबांनी तिच्यावर कापड टाकलं ते कितीतरी वर्षं काढलंच नाही. मागच्या वर्षी एका सकाळी आपणहून कापड ओढलं आणि रंधा हातात घेतला. मी काही विचारलं नाही. आपल्या घरात विचारलं की काम थांबतं, हे तुला माहीतच आहे. घाटापलीकडच्या तलावावर पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी ती घेतली. फळ्या बसवायचं आणि व्हार्निशचं काम शेवटी मीच पुरं केलं. बाबा एकच फळी पुन्हा पुन्हा घासत होते. मला वाटलं, हौस फिटत नाहीये.

होडी न्यायच्या दिवशी उजाडताच निघालो. बाबा शेजारी बसले, मांडीवर चहाचा थर्मास. गाडीवर त्यांचा राग आहेच. "गाडी स्वतःच गिअर टाकते म्हणजे काय? मग माणसाने काय करायचं, खिडकीतून हात हलवायचा?" मला हसू आलं आणि आपला जुना ट्रक आठवला. पुढच्या सीटवर आपण तिघं. तू मध्ये, दोन गुडघ्यांच्या मध्ये तो लांब दांडा. बाबा क्लच दाबून नुसतं "दोन!" म्हणायचे आणि तू दोन्ही हातांनी दांडा मागे ओढायचास. चुकलास तर खालून करकर आवाज यायचा आणि बाबा म्हणायचे, "दुखलं तिला. सॉरी म्हण." तू खरंच डॅशबोर्डवर हात ठेवून सॉरी म्हणायचास. मी खिडकीशी बसून रुसलेली, कारण दांडा माझ्या वाट्याला कधी आला नाही. तुमच्या दोघांच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास, आणि मागे दोरांनी बांधलेली एखादी छोटी होडी, आभाळाकडे पोट करून. आई दारात उभी राहून ओरडायची, "सावकाश!" आणि बाबा मुद्दाम एकदा हॉर्न वाजवायचे. टिल्ल्या, त्या ट्रकमध्ये आपण किती सुखात होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं का रे?

बरं, घाट. चढ लागायच्या आधीच तू लिहिलंस तसं वरचा गिअर बंद करणारं बटण दाबलं आणि गाडी खालच्या गिअरवर बांधून ठेवली, म्हणजे वर-खाली, वर-खाली करत तापायला नको. इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं. मागचे लोक हॉर्न मारून पुढे जात होते. एकाने खिडकीतून सल्लाही दिला, तो लिहिण्यासारखा नाही. मी आपली बैलाच्या चालीने चालले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसा प्रकार होता. आरशात बघितलं की गाडी दिसतच नव्हती, नुसती होडी.

बाबा बराच वेळ ऐकत होते. मान जराशी वाकडी करून, आवाज ऐकताना करतात तशी. मग म्हणाले, "छान चालवतोस."

मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

अर्धा चढ झाल्यावर काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला. एका वळणावर जागा रुंद होती, तिथे गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केली, चाकांमागे दगड लावले आणि इंजिन चालूच ठेवलं, ऑइल फिरत राहून निवावं म्हणून. परत येऊन बसले. बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला.

"तापली का रे?"

रे. आता मात्र नीट ऐकू आलं.

"हो, थोडी," मी म्हटलं.

"थांबलास ते बरं केलंस. मी असतो तर तशीच रेटली असती." ते खाली दरीत बघायला लागले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू जातो म्हणालास ना, तेव्हा मी ओरडलो. तोंड बघणार नाही म्हणालो. मला ते म्हणायचंच नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

"विचारायचं होतं, परत कधी येशील. पण तोंडातून भलतंच निघालं. आणि एकदा निघालं की मागे घेता येतं का? मला तरी येत नाही."

तुला माहीत आहे, इतक्या वर्षांत ह्या घरात तुझा विषय काढायची सोय नव्हती. कारखान्याच्या पाटीवरचं "आणि चिरंजीव" त्यांनी ना पुसलं, ना कधी त्याच्याकडे बघितलं. आणि आता हे सगळं ते मला सांगत होते. मला नव्हे, तुला.

"अजून रागावलायस का रे माझ्यावर?"

मी काट्याकडे बघत राहिले. काय करायला हवं होतं मी? बाबा, मी ताई, असं सांगायला हवं होतं? त्यांचा चेहरा बघितला असतास तर तुलाही जमलं नसतं. मी म्हटलं, "नाही बाबा. मी रागावलेलो नाही."

रागावलेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी असं बोलले. आवाजही जरा जाड काढला, काय मूर्खपणा!

"बरं," म्हणाले, आणि असा श्वास सोडला की खांदे खाली आले. मग माझ्याकडे झुकून हळूच, "ताईला ह्यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल मी म्हातारा झालो. ती आहे म्हणून कारखाना उभा आहे, समजलं? तिला तोंडावर सांगितलं तर शेफारेल."

मी चहा पिण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

काटा खाली आला तशी निघालो. माथा ओलांडला, उतारालाही खालचाच गिअर ठेवला, ब्रेकवर पाय ठेवून बसले नाही. तुझ्या पत्राबाहेर एक पाऊल टाकलं नाही. बाबा झोपले होते.

तलावावर पोहोचलो तेव्हा बाई काठावर वाट बघत उभ्या होत्या. ट्रेलर उलटा नेत पाण्यात उतरवायचा होता, आणि उलटं नेणं मला कधी धड जमलेलं नाही. तेवढ्यात बाबा जागे होऊन खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "डावीकडे! अगं डावीकडे, तुला डावं-उजवं कळतं का?"

अगं. त्या एका शब्दाने जीव भांड्यात पडला, आणि हेही कळलं की मघाशी घाटात तुझ्याशी बोलणारा माणूस आता परत कधी भेटेल ते सांगता येणार नाही. होडी पाण्यावर टेकली, जराशी डोलली आणि सरळ उभी राहिली. एक थेंब आत आला नाही. बाई म्हणाल्या, "आजोबा, पहिली फेरी तुमची." बाबांनी मला समोर बसवलं आणि स्वतः वल्ही मारली, पार मधोमध जाईपर्यंत. हात काहीच विसरलेले नाहीत त्यांचे.

आता लिहितेच. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं, होडी न्यायच्या आधीच. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं हळूहळू वाढत जाणार. परवा ते आईला हाका मारत घरभर फिरले. काल मला विचारलं, तुम्ही कुठून आलात, चहा घेणार का. मी म्हटलं, घेईन. मला तुला गिअरबॉक्सबद्दल विचारायचं होतंच, पण त्याहून जास्त हे सांगायचं होतं. तेव्हा जमलं नाही, म्हणून गिअरबॉक्सचं विचारलं.

तुझ्या वतीने मी परस्पर उत्तर देऊन टाकलंय. ते खरं होतं की नाही, ते तुझं तुला माहीत. नसेल, तर मला कळवू नकोस, इथे येऊन भांड. त्यांना अजून अधूनमधून सगळं लख्ख आठवतं, भांडता येईल तुम्हाला. आणि खरं असेल, तर तेही माझ्या जाड्या आवाजात ऐकण्यापेक्षा त्यांनी तुझ्या आवाजात ऐकलेलं बरं. रजा मिळेल तेव्हा नको, मागून घे. ते विचारतील, कोण आलंय. आपण सांगू. दहादा विचारलं तर दहादा सांगू.

वाट बघतेय.

तुझी ताई
(आणि त्या दिवशी घाटात, थोडा वेळ, तू)