वरची मूठ

मंगरूळपीर
४ फेब्रुवारी २०२४

चि. ऋषिकेश यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

निकालाला आज अकरा दिवस झाले. रोज कागद घेऊन बसते अन् रोज तशीच उठते. आज रविवार, अंगणवाडी बंद. तुझे जिजाजी हरभरा सोंगायला गेले, पोरगी झोपली, म्हणून लिहून राह्यली. तुझा फोन येतो त्यातली पाच मिनिटं आई रडण्यातच घालवते. म्हटलं, पत्रच बरं.

दहा वर्षं! जजसाहेब बोलले तेव्हा मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. माझ्या अंगणवाडीतल्या भागिरथाबाईच्या नवऱ्याला उडवणारा ट्रकवाला दोन वर्षांत सुटून आला, परवा बसस्टँडवर चहा पिताना दिसला. अन् तू कॉलेजातलं वीस वर्षांचं पोरगं, फोनवरून ते नशेचे कागद विकले, म्हणून तिशीपर्यंत आत. तू शहाणपणा केला असं मी म्हणत नाही. समोर असता तर दोन कानाखाली दिल्या असत्या, मोठी बहीण आहे मी. पण दहा वर्षं मला पटत नाहीत.

बाबांनी कोर्टाबाहेर वकीलसाहेबांना एकच विचारलं, की वजन करताना बारदान वजा केलं होतं का. वकील हसले. मग त्यांनी समजावलं, की त्या टिकलीएवढ्या कागदावर औषध नावाला असते. नुसतं औषध मोजलं असतं तर थोड्या मालाचं कलम लागलं असतं. कागदासकट मोजलं म्हणून मोठ्या व्यापाऱ्याचं लागलं, अन् त्या कलमात दहाच्या खाली यायची जजलाही मुभा नाही. बाबा म्हणाले, कारंज्याच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं मापारी म्हणून काटा धरला, पण रिकाम्या पोत्याचं वजन मी कोणाच्या गळ्यात मारलं नाही. एवढंच बोलले. तेव्हापासून तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. वकील याच मुद्द्यावर हायकोर्टात अपील करतो म्हणतात. तुझी सही लागेल.

आणखी एक सांगते, मनाला लावून घेऊ नको. आईच्या शेजारच्या सोजरबाईच्या पवनच्या मेंदूत ताप गेला, असंच आपण इतके दिवस समजत होतो ना? ताप नव्हता. निकालानंतर तिनं आईला पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यानंही असलेच कागद मागवून खाल्ले होते. आता तो ओट्यावर बसून राह्यते, बोलत नाही, घास भरवावा लागते. एवढं असून ती रोज आईजवळ येऊन बसते. म्हणते, चतुराबाई, तुमचं पोरगं पत्र तरी लिहिते.

तब्येत सांभाळ. उपाशी राहू नको. रागावले असले तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
वर्षाताई


मध्यवर्ती कारागृह
२५ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस सा. न., वि. वि.

तुझं पत्र उघडून, वाचून, शिक्का मारून हातात आलं. तरी त्याला घरचा वास होता. तू पोरीच्या तेलाच्या बाटलीजवळ ठेवलं होतं वाटते.

इथं माझ्या बराकीत रिसोडकडचे उदयसिंगकाका आहेत. त्यांना मी अर्ज लिहून देतो, ते मला त्यांच्या वाटणीचा गूळ देतात. परवा त्यांनी विचारलं की तुझ्या हाताखाली माणसं किती होती, गाड्या किती होत्या. मी म्हटलं काका, एक फोन अन् एक कैची. ते इतके हसले की ठसका लागला. ज्यानं मला माल पाठवला त्याचं नाव मला आजही माहीत नाही. फोनवर त्याच्या नावाच्या जागी वाघाचं चित्र होतं. तो वाघ कुठंतरी मजेत जेवत असन अन् मी इथं डाळीत डाळ शोधून राह्यलो. ताई, मी गुन्हा केला, पण मला त्याच्याएवढं का मोजलं? मी कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. घेणारे आपल्या मर्जीनं घेत होते. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

बाबांनी बारदानाचं विचारलं, हे वाचून मी खूप रडलो. आपल्या घरून गहू नेणाऱ्याला ते माप झाल्यावर वरून एक मूठ टाकायचे, आठवते? लहानपणी मी विचारलं होतं, ही मूठ कायले? तर म्हणाले, माणूस घरी जाऊन पुन्हा मोजते, तेव्हा कमी भरायला नको.

एक विचारायचं आहे. पवनचं हे नेमकं कधी झालं? ते कागद त्याच्याजवळ कुठून आले? मी नागपुरात होतो, घरून मला फक्त तापाचं कळलं होतं. जमलं तर सोजरमावशीला विचारून नीट कळव. विसरू नको.

आईला सांग, मी जेवतो. बाबांच्या पायावर माझं डोकं, ते पाय मागं घेतील तरी.

तुझा,
ऋषी


मंगरूळपीर
१७ मार्च २०२४

चि. ऋषिकेश यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्रातलं वाघाचं वाचून तुझे जिजाजी म्हणाले, हा तिथंही सुधारणार नाही. बोलता बोलता त्यांचेही डोळे भरले होते.

तू विचारलं म्हणून मी कारंज्याला गेले तेव्हा सोजरबाईजवळ विषय काढला. तिला बोलणं जड जात होतं, मलाही ऐकणं. दोन हजार एकवीसचा पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नागपूरहून पाकीट आलं होतं, बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानाच्या पत्त्यावर, कोणत्यातरी भलत्याच नावानं. दवाखान्यात नेलं तेव्हा पवन बोलत होता. तो आईला सारखा एकच सांगे, की मी एकच मागवला होता माय, पाकिटात दोन निघाले. दोन्ही खाल्ले त्यानं. डॉक्टर म्हणाले, आजार मुळात असेल, हे निमित्त झालं. खरं काय ते देव जाणे. पाठवणारा सापडला नाही.

वकालतनामा या पत्रासोबत पाठवते. खूण केलेल्या जागी सही कर. वकील म्हणतात, कागदाचं वजन वजा झालं तर दोन-तीन वर्षांतच सुटका होऊ शकते, अन् तेवढी तू भोगलीच आहे. म्हणजे तू घरी येशील रे! आईनं आतापासूनच तुझ्या आवडीच्या सरगुंड्या करून वाळवायला घेतल्या. उगाच उशीर करू नको.

वाट पाहणारी,
वर्षाताई


मध्यवर्ती कारागृह
२ एप्रिल २०२४

ती. ताईस सा. न., वि. वि.

सही करत नाही. वकालतनामा कोराच परत पाठवतो. रागावू नको, आधी पूर्ण वाच. हे पत्र इथं वाचून मगच पुढं जाते, मला माहीत आहे. वाचू दे.

पवनचं पाकीट मी पाठवलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी मागणी आली होती. नाव कोणतंतरी खोटं, सगळेच खोटं देतात. पत्ता लिहिताना मात्र आपल्या गावाचा पिनकोड दिसला. ताई, मला आनंद झाला. नागपुरात खोलीवर एकटा बसून अनोळखी लोकांचे पत्ते लिहीत होतो, अन् त्यात एकदम कारंजा लाड. वाटलं, आपल्याकडचं गिऱ्हाईक आहे. एक कागद कापला होता, मी अजून एक कापून टाकला. पैसे घेतले नाहीत. वरची मूठ, असं मनात म्हटलं. खरंच म्हटलं. हसलोही असन.

पाकिटं शंभर पाठवली असतील, त्यात जास्तीचा कागद ह्या एकाच पाकिटात गेला. तुझं पत्र वाचलं त्या दिवसापासून मला घास उतरत नाही. पवन अन् मी एका बाकावर बसायचो. माझ्या चुकीच्या गणिताची तो नक्कल करायचा अन् मास्तर दोघांनाही उभं करायचे.

कोर्टाला हे माहीत नाही. कोर्टानं मला ज्याच्यासाठी दहा वर्षं दिली ते खोलीत सापडलेले कागद होते, ते कोणी खाल्ले नाहीत. त्याच्यासाठी दहा वर्षं जास्त आहेत, हे मला अजूनही वाटते. पण पवनसाठी किती, ते मला सांगता येत नाही. मग कोणत्या तोंडानं कमी करा म्हणू? राहू दे दहा.

बाबांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. सोजरमावशीला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

ऋषी


मंगरूळपीर
१६ मे २०२४

चि. ऋषिकेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी महिनाभर पिठाच्या डब्याखाली ठेवलं. कोणाला दाखवलं नाही. खरं सांगते, एकदा चुलीपर्यंत नेलं होतं. कोणाला कळलं नसतं, तू सही केली असती, घरी आला असता. मी तसा विचार केला, लपवत नाही. मधे कारंज्याला गेले तेव्हा सोजरबाईच्या हातचा चहा मात्र तसाच ठेवून उठले.

अकितीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी गेले. बाबांनी पूर्वजांचं पान वाढलं, हात धुतला अन् मला विचारलं, की त्यानं सही काहून केली नाही? मला खोटं बोलता आलं नाही. पत्र पुढं केलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, अन् जेवणावरून उठून यार्डात निघून गेले. सणाच्या दिवशी यार्ड बंद असते. तरी गेले.

आता पुढचं तेच लिहितील म्हणाले. मी काही लिहीत नाही. पण तू जेवत जा रे बाबा, तुझ्या न जेवण्यानं पवन बरा होत नाही.

ताई


कारंजा लाड
९ जून २०२४

चि. ऋषिकेश यास रामकिसनचा आशीर्वाद.

अडीच वर्षांनं लिहून राह्यलो. माहं अक्षर बिघडलं आहे, सांभाळून वाच.

तुहं पत्र वाचलं. अकितीच्या दिवशी यार्डात जाऊन काट्यापाशी बसलो. तिथं रडलो. तुह्या मायसमोर मले रडता येत नाही. तू पकडला गेला तवा मले राग आला होता, लाज वाटली होती. ह्या खेपेले तसं नव्हतं. तू वरची मूठ म्हटलं, अन् ते मीच तुले शिकवलं. हे मले लय लागलं.

तिसऱ्या दिवशी सोजरबाईले मी सोताच सांगतलं. निरोप धाडला नाही, तिच्या घरी गेलो. तुही माय संग होती. पवन ओट्यावर होता, त्याच्या जवळून जाऊन आत बसलो. सारं सांगतलं, जास्तीच्या कागदाचं बी. ती ओरडली नाही, शिव्या देल्या नाही. देल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं मले इतकंच इचारलं, की रामकिसनभाऊ, तुमी इतक्या वर्षाचे मापारी, त्या एका कागदाचं वजन किती असन?  मंग ती उठून पवनले पाणी पाजाले गेली. आमी घरी आलो.

आता तुह्या अपिलाचं. तू सही करत नाही, हे मले पटत नाही. चुकीचं माप ते चुकीचंच. बारदान वजा झालंच पायजे, मंग पोतं चोराचं असो का सावाचं. उद्या तुह्यासारखं दुसरं पोरगं त्या काट्यावर चढन, त्याचं बी वजन तसंच होईन. म्हणून सही कर. पण जे तू ताईले लिहिलं तेच वकीलसाहेबाले बी लिहून दे. ज्याले बारदान वजा करून पायजे, त्यानं माल झाकून ठेवू नये. पवनचं काट्यावर येऊ दे. त्याच्यानं नवीन केस झाली अन् तुही वर्षं वाढली तं वाढू दे. तवर मी असन का नाही, सांगता येत नाही. तुही माय मले यासाठी बोलून राह्यली, की बाप आहे का वैरी. मी बापच आहे. बाप आहे म्हणूनच हे लिहिलं.

जुलैच्या पयल्या आठवड्यात भेटीले येतो. काचेपलीकडून बोला लागते म्हणते वर्षा. मी बोललो नाही तरी समजून घेजो.

राग आहे अन् जीव बी आहे, दोन्ही तुह्यावरच आहे.

तुहा बाप,
रामकिसन

ता. क. सोजरबाई काल गव्हाले आली. दरसाल येते तशी, डबा घेऊन. मी वीस किलो मोजून देले. सवयीनं हात गेला, वरून मूठ टाकली. तिनं ती मूठ डब्यातून काढली, माह्या ढिगावर परत ठेवली अन् डबा डोक्यावर घेऊन गेली.  ते गहू मी ढिगात मिसळू देले नाही. फडक्यात बांधून खुंटीले टांगले. तू सुटून आला की घरात पाय ठेवायच्या आंधी ते तुह्या हातानं तिच्या घरी ने. घेतले तं घेतले.