तुझ्या खांबावरची वाकडी रेघ

पोरी,

नाव लिहीत नाही. मेलेल्याचं नाव घ्यायला आपल्या बेटावर मनाई, तू गेल्यापासून कुणी ते उच्चारत नाही.

आज तुझ्या थडग्याभोवतीचे खांब तुझ्या सासरच्यांनी रंगवले. एरवी साऱ्या गावाचे मीच रंगवतो. पण तुझ्या खांबाला बापाने हात लावायचा नाही, रीतीने ते काम सासरच्यांचं. पिवळी माती भाजली की तांबडा रंग होतो; तुझ्या दिराने ती नीट भाजलीच नाही, तांबडा फिका पडला. लाकडी फणीने ओढलेली रेघही वाकडी!

सुतकात मला स्वतःच्या हाताने जेवायचीही बंदी. विहीणबाई भरवत होत्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, तिकडे बघू नका. तोंड उघडा."

उघडलं, तर तुझं नाव बाहेर पडलं.

दिराची फणी थांबली. पण मनाई मोडली म्हणून रागावलं कुणीच नाही, पोरी. तेच सोसवलं नाही.

रिकाम्या हातांचा,
तुझा बाप