रायस्वाइकच्या घरासाठी बंदूक

१८ सप्टें. २००५, रवि.
काल गणपती विसर्जनाला आम्ही तिघंही मंडळाच्या हॉलवर. परतलो तर मागचं दार सताड उघडं. कुलपाचा सिलिंडर पक्कडीनं मधोमध मोडलेला, दारावर ओरखडासुद्धा नाही. लॅपटॉप, कॅमेरा जागेवर. गेलं ते फक्त सोनं, वैशालीच्या आईचे तोडे आणि पाटल्या. तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. डबा पालथा, बाकी स्वयंपाकघराला हात नाही.
डच पोलीस लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाला, "भारतीय ना? तांदूळ की पीठ?"
म्हणजे सगळ्यांना माहीत. फक्त आम्हालाच वाटायचं की...
वै. रडली नाही. तांदूळ भरत बसली. मग म्हणाली, "ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत बघते. नाही जमलं तर ईराला घेऊन पुण्याला जाते. तुम्ही राहा तुमच्या घरात."

२५ सप्टें., रवि.
मायलेकी एका खोलीत झोपतात, दाराला आतून खुर्ची. दिवसासुद्धा वै. खाली एकटी थांबत नाही.
शस्त्र घ्यायचं ठरवलं. विषय मुळापासून शिकायचा. कोबॉल प्रोग्रामिंग असंच शिकलो, डचही. पदवीवाल्यांनी नंतर मलाच विचारलं. आठवडाभर लायब्ररी आणि नेट.
शॉटगन बाद. जिना अरुंद, वळणावर नळी भिंतीला अडते. तेवढ्या लांबीची पट्टी घेऊन करून पाहिलं. पिस्तुलात गोळी अडकली तर ती काढायचा सराव लागतो, आणि मी ऑफिसात असताना वै. काय करणार? म्हणून रिव्हॉल्व्हर. साधं, कमी भानगडी. पण त्याची गोळीही जिप्समच्या भिंतीतून आरपार जाते, आणि जिन्यासमोरच्या भिंतीपलीकडे ईराची उशी.
पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. ईरा : "बाबा, व्हाय?" म्हटलं, उजेड चांगला येतो. तिथे खिडकीच नाही.

२ ऑक्टो., रवि.
कायदा वाचला. घराचं रक्षण हे इथे बंदुकीला कारणच धरत नाहीत. आधी क्लब, वर्षभर नियमित नेमबाजी, मग पोलिसांकडे अर्ज. घरी पक्की तिजोरी, गोळ्या वेगळ्या कुलपात. पोलीस येऊन बघणार. मिरीचा फवारासुद्धा बेकायदा!
टिलबर्गहून समीरचा फोन. वै.चा धाकटा भाऊ, प्रत्येक गोष्टीला आडवाट माहीत.
"भावोजी, वर्षभर कशाला? माझ्या घरापासून बेल्जियम हाकेच्या अंतरावर. शिकारीची बंदूक नुसतं ओळखपत्र दाखवून मिळते."
"आणि परतताना धरलं तर? इथे राहायचं परमिट जाईल. सगळेच पुण्याला."
"म्हणजे ताईचं काम आपोआपच झालं!"
हसत होता. मी फोन आपटला. त्यानंतर नकाशा उघडून बसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

८ ऑक्टो., शनि.
डेल्फ्टचा क्लब. प्रशिक्षक साठीचा, हाताला मशीन ऑइलचा वास. विचारलं, नेमबाजी कशासाठी? मी खरं सांगितलं. त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला.
"त्यासाठी कुत्रा पाळा."
मी उठलो नाही. जरा वेळानं म्हणाला, पाहुणा म्हणून आलाच आहात तर दहा गोळ्या मारून बघा. .२२ चं पिस्तूल, अगदी लहान बोरचं. सातव्या गोळीपासून सगळ्या काळ्या वर्तुळात. "पूर्वी केलंय?" नाही म्हटलं. छाती फुगली, खोटं कशाला.
निघताना सभासदत्वाचा फॉर्म दिला. "कारण नीट विचार करून लिहा. एकदाच लिहिता येतं."

११ ऑक्टो., मंगळ.
खंडेनवमी. पाटावर ड्रिल, पाने, स्क्रूड्रायव्हर, विळी, लॅपटॉप. शेजारी मी क्लबातला भोकं पडलेला कागद ठेवला. वै.नं सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि तो कागद उचलून माझ्या हातात दिला.
"अगं, शस्त्रांचीच पूजा आहे आज."
"ज्यानं घर चालतं त्याची करते मी."

२३ ऑक्टो., रवि.
ईरा मैत्रिणीकडे. रंगीत तालीम. कायद्याप्रमाणे कपाटात दोन पेट्या, दोन कुलपं. रिव्हॉल्व्हर म्हणून हेअर ड्रायर. वै. चोर. धुण्याची टोपली घेऊन मागच्या दारातून आली. मी दुसऱ्या कुलपाशी झगडतोय तोवर ती जिन्याच्या वर.
"आले मी. सोनं गेलंय, आता काय नेऊ?"
दोघंही हसलो. चोरी झाल्यापासून पहिल्यांदा.
म्हटलं, पुन्हा. ह्या वेळी पेट्या उघड्या ठेवल्या. ती वळणावर आली, मी दोन्ही हात सरळ करून, पुस्तकात दाखवलंय तसा, श्वास रोखून उभा. काही बोललो नाही. बोलायचं नसतं.
तिचं हसू गेलं. हातात हेअर ड्रायर होता माझ्या. तरी ती एक पायरी खाली उतरली.
"असं बघू नका माझ्याकडे."
टोपली तिथेच ठेवून खाली गेली. खाली, एकटी. मी बराच वेळ वरच.

६ नोव्हें., रवि.
दिवाळी झाली. समीर येऊन गेला, बेल्जियमचं नाव काढलं नाही. वै.नं दम दिला असणार. मागच्या दाराला नवं कुलूप, मोडता न येणारा सिलिंडर, वर-खाली बोल्ट. मीच बसवलं, एक मिलिमीटरची फट नाही.
फॉर्म टेबलावर. नाव, पत्ता, जन्मतारीख भरलं. कारणाच्या रकान्यात 'खेळ' लिहिलं तर खोटं नाही, दहातल्या चार... पण वै.ला विचारलं. ती म्हणाली, "ते घरात आलं तर मी नक्की जाणार. नाही आलं तर माहीत नाही. बघू."
दुपारी चहा घेताना मागच्या गल्लीतलं फाटक वाजलं. मग पावलं. दोघांचेही कप तसेच. ती दाराकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. मी खुर्ची मागे सारली.
"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी बघते."
गेली. बोल्ट मागे सरकवल्याचे आवाज, आधी वरचा, मग खालचा. मी बसून राहिलो.